परिचर्येच्या इतिहासाचा पहिला आराखडा : नटिंग आणि डॉक यांच्या 'अ हिस्टरी ऑफ नर्सिंग'ची चिकित्सा

सारांश

मेरी ॲडलेड नटिंग आणि लॅव्हिनिया डॉक यांनी सिद्ध केलेला 'अ हिस्टरी ऑफ नर्सिंग' हा चार खंडांचा ग्रंथ १९०७ ते १९१२ या काळात प्रसिद्ध झाला. परिचारिकांच्या व्यावसायिक संघटनांचा पाया ज्यांनी घातला, त्यांनीच हा इतिहास लिहिला. त्यामुळे तो इतिहासग्रंथ आहे आणि त्या चळवळीचा दस्तऐवजही आहे. प्रस्तुत लेखात या ग्रंथाची रचना, त्यामागील भूमिका आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे. परिचर्येचा इतिहास म्हणजे स्त्रियांच्या अधिकाराचा इतिहास होय, हे या ग्रंथाने ठामपणे मांडले. मात्र प्रशिक्षणाच्या नावाखाली विद्यार्थिनींकडून घेतल्या गेलेल्या श्रमाचा प्रश्न त्याने कथनाच्या केंद्रस्थानी आणला नाही. ही उणीव लेखिकांच्या व्यक्तिगत दृष्टीची नसून संघटनांच्या जन्मस्थानाची आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : परिचर्या, प्रशिक्षणशाळा, व्यावसायिक संघटना, नोंदणी, श्रम, इतिहासलेखन.

१. प्रास्ताविक

एखादा व्यवसाय आपला इतिहास केव्हा लिहू लागतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वैद्यक आणि कायदा या व्यवसायांना विद्यापीठांची व सनदांची जुनी परंपरा होती. परिचर्येला तशी परंपरा नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णालयांना जोडलेल्या प्रशिक्षणशाळा निघाल्या. शतकाच्या अखेरीस तेथून बाहेर पडलेल्या स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि पुढील दशकात या संघटनांच्या अग्रणींनी आपल्या व्यवसायाचा इतिहास लिहावयास घेतला. शाळा, संघटना आणि इतिहासग्रंथ या तीन गोष्टी अवघ्या पन्नास वर्षांत एकापाठोपाठ घडल्या. त्यांचा परस्परसंबंध लक्षात घेतल्याशिवाय नटिंग-डॉक यांच्या ग्रंथाचे मूल्यमापन करता येणार नाही.

हा ग्रंथ आज संशोधनाचे साधन म्हणून क्वचितच वाचला जातो. तथापि त्याने घालून दिलेला आराखडा अद्याप जिवंत आहे. प्राचीन काळातील सेवाभाव, मध्ययुगीन धर्मसंघ, मधली अवनती, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा उदय आणि त्यानंतर शाळा, संघटना व कायदे अशी चढती श्रेणी हा तो आराखडा होय. डॉक यांनी इझाबेल स्ट्यूअर्ट यांच्यासह १९२० मध्ये या ग्रंथाची संक्षिप्त आवृत्ती सिद्ध केली आणि पाठ्यपुस्तकाच्या रूपाने तो परिचर्येच्या वर्गखोल्यांत पोहोचला. आपल्याकडील परिचर्या अभ्यासक्रमांतही इतिहासाचा भाग बहुधा याच क्रमाने शिकविला जातो. म्हणूनच त्याची चिकित्सा करण्याचे प्रयोजन केवळ ऐतिहासिक नाही.

२. ग्रंथ आणि ग्रंथकर्त्या

दोन्ही लेखिकांचा जन्म १८५८ सालचा. नटिंग मूळच्या कॅनडातील. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या प्रशिक्षणशाळेच्या पहिल्या तुकडीतून त्या १८९१ मध्ये उत्तीर्ण झाल्या आणि १८९४ मध्ये तेथेच अधीक्षिका झाल्या. १९०७ मध्ये, म्हणजे ग्रंथाचे पहिले दोन खंड निघाले त्याच वर्षी, कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. विद्यापीठात प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या परिचारिका होत. डॉक यांचे शिक्षण न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात झाले. परिचारिकांसाठी औषधशास्त्राचे पाठ्यपुस्तक त्यांनी १८९० मध्ये लिहिले. पुढे न्यूयॉर्कच्या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीतील हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या सेवाकेंद्रात त्यांनी सुमारे दोन दशके काम केले. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या त्या दीर्घकाळ चिटणीस होत्या आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात त्यांनी तुरुंगवासही भोगला.

पहिल्या दोन खंडांत प्राचीन काळापासून इंग्लंड-अमेरिकेतील पहिल्या प्रशिक्षणशाळांच्या स्थापनेपर्यंतचा भाग येतो. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेले तिसरा व चौथा हे खंड प्रामुख्याने डॉक यांच्या नावावर आहेत. त्यांत त्या वेळच्या निरनिराळ्या देशांतील शाळा, संघटना आणि नोंदणीचे लढे यांचा वृत्तान्त आहे. पहिल्या दोन खंडांना इतिहासाचे, तर पुढील दोन खंडांना चळवळीच्या अहवालाचे स्वरूप आहे. पूर्वार्धातील निवेदन संथ, दाखल्यांनी भरलेले आणि पांडित्याकडे झुकणारे आहे. उत्तरार्धातील निवेदन मात्र आवेशपूर्ण आहे, कारण तेथे लेखिका स्वतः त्या घटनांत सहभागी आहेत. ही दुहेरी प्रकृती हा दोष मानण्याचे कारण नाही. मात्र पूर्वार्ध उत्तरार्धाची पूर्वपीठिका म्हणून रचला गेला आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

३. 'अंधारयुगा'ची मांडणी

या ग्रंथाचा कणा एका प्रमेयावर उभा आहे. जेथे परिचर्येची व्यवस्था सुशिक्षित व अधिकारसंपन्न स्त्रियांच्या हाती होती, तेथे ती उन्नत झाली आणि जेथे तो अधिकार पुरुषांनी काढून घेतला, तेथे तिची अवनती झाली, हे ते प्रमेय होय. रोममधील ख्रिस्ती कुलस्त्रिया, मध्ययुगातील धर्मभगिनी, सतराव्या शतकातील फ्रान्समधील व्हिन्सेंट द पॉल यांच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी, १८३६ मध्ये जर्मनीतील कायझरस्वर्थ येथे सुरू झालेली डीकनेसांची संस्था आणि अखेरीस नाइटिंगेल अशी ही मालिका आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या काळाला लेखिकांनी अंधारयुग म्हटले आहे. या काळात रुग्णालयांचा कारभार पुरुषांच्या हाती गेला आणि परिचर्या अशिक्षित मोलकरणींचे काम ठरली, असे त्यांचे म्हणणे आहे.

या मांडणीचे श्रेय मोठे आहे. रुग्णसेवेचा इतिहास तोवर धर्मकार्याचा किंवा वैद्यकाचा उपविभाग म्हणून सांगितला जात असे. तो स्त्रियांच्या सामाजिक स्थानाचा इतिहास म्हणून वाचता येतो, हे या दोघींनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात दाखवून दिले. सेवावृत्ती ही स्त्रीची नैसर्गिक देणगी आहे, असे म्हणून त्या थांबल्या नाहीत. सेवा करणारीला निर्णयाचा अधिकार आहे की नाही, असा थेट प्रश्न त्यांनी विचारला.

तथापि अंधारयुग ही संकल्पना पुराव्यापेक्षा गरजेतून अधिक निर्माण झाली आहे. चार्ल्स डिकन्स यांच्या १८४३-४४ मधील 'मार्टिन चझलविट' या कादंबरीतील मद्यपी सेरी गॅम्प ही व्यक्तिरेखा जुन्या परिचारिकेची प्रतिनिधी म्हणून सुधारकांनी रूढ केली. नव्या प्रशिक्षित परिचारिकेची प्रतिमा उजळण्यासाठी गॅम्पबाईची काळी पार्श्वभूमी त्यांना सोयीची होती. पुढील संशोधनाने या चित्राला धक्का दिला आहे. कॅरोल हेल्मस्टॅटर आणि ज्युडिथ गॉडन यांनी नाइटिंगेल यांच्यापूर्वीच्या परिचर्येवर २०११ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून जुन्या रुग्णालयांतील अनेक स्त्रिया अनुभवी व कामात वाकबगार होत्या, असे दिसते. त्या गरीब होत्या, त्यांचा कामाचा बोजा अमानुष होता आणि वेतन अपुरे होते. म्हणजे अवनती असेलच, तर ती त्यांच्या कामाच्या अटींची होती. नटिंग-डॉक यांनी ती त्या वर्गाच्या चारित्र्याची मानली. येथे लेखिकांची स्त्रीवादी दृष्टी त्यांच्याच वर्गदृष्टीपाशी अडखळते.

४. प्रशिक्षणशाळा : शिक्षण की श्रम?

नाइटिंगेल यांच्या नावाने जमलेल्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षणशाळा सुरू झाली. एक वर्षाचे प्रशिक्षण आणि त्यापुढे काही वर्षे नेमून दिलेल्या ठिकाणी सेवा करण्याचे बंधन, असे तिचे स्वरूप होते. अमेरिकेत १८७३ मध्ये न्यूयॉर्क, न्यू हेवन व बोस्टन येथे या नमुन्यावर शाळा निघाल्या. पुढील वाढ विलक्षण होती. १८८० मध्ये अमेरिकेत अशा १५ शाळा होत्या. १९०० मध्ये त्यांची संख्या ४३२ झाली.

ही वाढ शिक्षणाच्या ओढीतून झाली काय? कारण अधिक साधे होते. शाळा काढली की रुग्णालयाला जवळजवळ विनावेतन कामाचे हात मिळत. वॉर्डातील दिवसपाळी, रात्रपाळी, साफसफाई, रुग्णांचे अन्नपाणी हे सारे विद्यार्थिनी करीत. व्याख्याने दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी होत आणि वॉर्डात माणसे कमी पडली की तीही रद्द होत. अभ्यासक्रम पूर्ण झालेल्या परिचारिकेला मात्र रुग्णालयात जागा नसे, कारण तिला वेतन द्यावे लागले असते. ती श्रीमंतांच्या घरी खासगी शुश्रूषेस जाई आणि तिची जागा नवी विद्यार्थिनी घेई. अमेरिकेत ही पद्धत १९३० च्या दशकापर्यंत सर्रास चालू होती.

नटिंग यांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. विद्यार्थिनींच्या कामाच्या तासांची आकडेवारी त्यांनी १८९६ मध्येच अधीक्षिकांच्या संघटनेपुढे मांडली होती आणि स्वतःच्या शाळेत आठ तासांचा दिवस व तीन वर्षांचा अभ्यासक्रम लागू करण्यासाठी प्रयत्न केले होते. १९१८ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने रॉकफेलर फाउंडेशनशी बोलणी सुरू झाली. त्यांतून जोसेफिन गोल्डमार्क यांच्या नावाने ओळखला जाणारा १९२३ चा अहवाल निर्माण झाला. रुग्णालयाची गरज आणि विद्यार्थिनीचे शिक्षण यांत संघर्ष आला की शिक्षणाचा बळी जातो, हा त्या अहवालाचा मुख्य निष्कर्ष होता.

मग इतिहासग्रंथात हा प्रश्न गाभ्याशी का येत नाही? पहिले दोन खंड शाळांच्या स्थापनेपाशीच थांबतात, हे एक उत्तर आहे आणि ते न्याय्य आहे. परंतु ते पुरेसे नाही. पॅरिसच्या ओतेल-दिय रुग्णालयातील मध्ययुगीन धर्मभगिनी सीन नदीच्या पाण्यात उभ्या राहून रुग्णांचे कपडे धूत, हे या ग्रंथात मोठ्या सहानुभूतीने सांगितले आहे. शतकांपूर्वीच्या श्रमाकडे पाहताना लेखिकांची नजर तीक्ष्ण आहे. आधुनिक प्रशिक्षणशाळेकडे वळताच तेच श्रम शिस्त, संस्कार आणि शिक्षण या शब्दांखाली झाकले जातात. शाळा ही मुक्तीची जागा आहे, असे कथानक एकदा ठरले की ती शोषणाचीही जागा असू शकते, हे सांगण्यास त्यात वाव उरत नाही.

उत्तरकालीन अभ्यासकांनी नेमका हाच धागा उचलला. मोनिका बेली यांनी १९८६ मध्ये नाइटिंगेल निधीच्या कागदपत्रांच्या आधारे सेंट थॉमस येथील शाळेच्या आरंभीच्या वर्षांचे जे चित्र उभे केले, ते आख्यायिकेपेक्षा बरेच फिके आहे. सुझन रेव्हर्बी यांनी १९८७ च्या 'ऑर्डर्ड टु केअर' या ग्रंथात एक मूलगामी विधान केले. सेवेला मोल द्यायला तयार नसलेल्या समाजात सेवा करण्याची आज्ञा मिळणे, हाच अमेरिकन परिचर्येचा मूळ पेच आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. नटिंग-डॉक यांच्या ग्रंथात अधिकाराचा प्रश्न आहे; रेव्हर्बी यांनी त्याला मोलाचा प्रश्न जोडला.

५. संघटनांचे जन्मस्थान

संघटना कोणी स्थापन केल्या, याची केवळ यादी केली तरी एक गोष्ट स्पष्ट होते. १८८७ मध्ये ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन करणाऱ्या एथेल गॉर्डन फेनविक लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या मेट्रन होत्या. अमेरिकेत १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त भरलेल्या सभेतून जी पहिली राष्ट्रीय संघटना निघाली, ती प्रशिक्षणशाळांच्या अधीक्षिकांची होती. शाळांतून उत्तीर्ण झालेल्या परिचारिकांच्या माजी विद्यार्थिनी मंडळांचा महासंघ त्यानंतर, १८९६ मध्ये आकारास आला. १८९९ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेची कल्पना मांडली गेली, तीही लंडनच्या मेट्रन्स कौन्सिलच्या वार्षिक सभेत. सारांश, परिचारिकांची संघटना वॉर्डात जन्मली नाही, ती मेट्रनच्या दालनात जन्मली.

या जन्मस्थानाचा परिणाम मागण्यांवर झाला. अधीक्षिकेला दोन आघाड्यांवर लढावे लागे. वरच्या बाजूला डॉक्टर व विश्वस्त होते आणि त्यांच्याविरुद्ध तिला व्यवसायाची स्वायत्तता हवी होती. खालच्या बाजूला विद्यार्थिनी होत्या आणि त्यांच्या श्रमावरच तिचे रुग्णालय चालत होते. पहिल्या आघाडीवरील लढा संघटनेचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या आघाडीवरील प्रश्न तिच्या अंतर्गत शिस्तीचा विषय राहिला. कॅलिफोर्नियात १९१३ मध्ये स्त्रियांसाठीचा आठ तासांचा कायदा विद्यार्थिनी परिचारिकांनाही लागू झाला, तेव्हा तो विधिमंडळाने केला होता. एका रुग्णालयाच्या वतीने त्याला आव्हान देण्यात आले आणि १९१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. कामाच्या तासांचा प्रश्न सुटला तो व्यावसायिक संघटनेच्या वाटेने नव्हे, कामगार कायद्याच्या वाटेने.

नोंदणीचा लढा या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. प्रशिक्षित परिचारिकेचे नाव शासकीय नोंदवहीत असावे आणि अप्रशिक्षितेला ते बिरुद लावता येऊ नये, ही मागणी डॉक यांच्या दोन्ही खंडांचा प्राण आहे. न्यूझीलंडने १९०१ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेत १९०३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनापासून राज्यवार कायद्यांना आरंभ झाला. ब्रिटनला त्यासाठी १९१९ पर्यंत वाट पाहावी लागली. नाइटिंगेल यांचा मात्र नोंदणीला विरोध होता. परीक्षेने ज्ञान मोजता येईल, परंतु परिचारिकेचे चारित्र्य व वॉर्डातील वर्तन मोजता येणार नाही आणि एकदा नोंदलेले नाव ती आजही चांगली परिचारिका असल्याची हमी देऊ शकत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

ज्यांना लेखिकांनी आपल्या कथेचा कळस मानले, त्याच नाइटिंगेल त्यांच्या मुख्य मागणीच्या विरोधात उभ्या होत्या. ग्रंथातील हा सर्वांत अवघड प्रसंग आहे. लेखिका तो आदरपूर्वक हाताळतात आणि हा विरोध जुन्या काळाचा अवशेष असल्याचे सुचवून पुढे जातात. वस्तुतः येथे थांबून विचार करणे आवश्यक होते. नाइटिंगेल यांचा आक्षेप प्रतिगामी होताच, कारण त्यामुळे परिचारिका तिच्या शाळेच्या व मेट्रनच्या शिफारशीवर आयुष्यभर अवलंबून राहिली असती. परंतु परीक्षा व शुल्क यांच्या आधारे व्यवसायाचे दार कोणासाठी बंद होते, हा प्रश्न त्यातून निर्माण होऊ शकला असता. ब्रायन एबल-स्मिथ यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात इंग्लंडमधील नोंदणीच्या लढ्यामागील वर्गीय हितसंबंध उलगडून दाखविले. नोंदणी ही रुग्णांच्या संरक्षणाची मागणी होती आणि व्यवसायात उच्चवर्गीय स्त्रियांचे वर्चस्व राखण्याचे साधनही होती. प्रत्यक्षात ब्रिटनमधील रुग्णसेवेचा मोठा भार नोंदणी नसलेल्या साहाय्यक परिचारिकाच वाहत राहिल्या; त्यांच्यासाठी वेगळी यादी करण्यास १९४३ साल उजाडावे लागले.

६. दाराबाहेरच्या

दार कोणासाठी बंद होते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतील कृष्णवर्णीय परिचारिकांचे आहे. मेरी एलायझा महोनी यांनी १८७९ मध्ये बोस्टन येथे प्रशिक्षण पूर्ण केले. त्या पहिल्या प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका मानल्या जातात. तथापि बहुसंख्य शाळांनी कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश नाकारला. १९०८ मध्ये त्यांना स्वतःची राष्ट्रीय संघटना काढावी लागली. १९१६ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनचे सदस्यत्व राज्य संघटनांमार्फत मिळू लागले आणि दक्षिणेकडील राज्य संघटना कृष्णवर्णीयांना घेत नसल्याने तेथील परिचारिका राष्ट्रीय संघटनेबाहेर फेकल्या गेल्या. हा प्रश्न १९४८ पासून मार्गी लागला आणि १९५१ मध्ये कृष्णवर्णीय परिचारिकांची संघटना विसर्जित करण्यात आली. डार्लीन क्लार्क हाइन यांच्या १९८९ च्या 'ब्लॅक विमेन इन व्हाइट' या ग्रंथाने हा इतिहास प्रथमच सविस्तर पुढे आणला.

येथे डॉक यांच्यावर अन्याय होता कामा नये. वर्णभेदाला त्यांचा उघड विरोध होता आणि संघटनेत तो शिरू नये, असे त्यांनी सहकाऱ्यांना बजावले होते. परंतु व्यक्तीची उदारता आणि संस्थेची रचना या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'एक व्यवसाय, एक संघटना, एक प्रगती' असे सूत्र असलेल्या इतिहासात, त्याच संघटनेच्या घटनेतून बहिष्कार कसा निर्माण होतो, हे दिसणे कठीण होते. पुरुष परिचारकांचेही असेच झाले. ब्रिटनच्या १९१९ च्या कायद्यानंतर त्यांची नावे मुख्य नोंदवहीत न घेता पुरवणी विभागात ठेवण्यात आली. स्त्रियांच्या अधिकाराची कथा म्हणून सांगितलेल्या इतिहासात त्यांना स्थान मिळाले नाही.

७. ग्रंथातील भारत आणि भारतातील परिचर्या

भारत या ग्रंथात दोनदा येतो. पहिल्या खंडात चरक-सुश्रुतांच्या संदर्भात तो प्राचीन परिचर्येची गौरवभूमी म्हणून येतो. चरकसंहितेने चिकित्सेच्या चार पादांत परिचारकाला स्थान दिले आणि उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता हे त्याचे गुण सांगितले, ही गोष्ट लेखिकांना विशेष महत्त्वाची वाटते. चौथ्या खंडात तो मिशनरी व युरोपीय मेट्रन यांच्या कार्याचे क्षेत्र म्हणून येतो. या दोन भारतांच्या मध्ये काय घडले, हे ग्रंथात नाही. शरीरस्रावांना स्पर्श करणारे काम कोणत्या जातींकडे आले, विधवांना व परित्यक्तांना हा व्यवसाय का जवळ करावा लागला आणि प्रतिष्ठित घरांना तो का नको होता, हे प्रश्न त्या चौकटीत मावणारे नव्हते. सेरी गॅम्पची जागा येथे सुईणीने घेतली. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दायांच्या प्रशिक्षणासाठी निधी उभारला गेला, परंतु परिचारिकांच्या संघटनेत दाईला स्थान मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

संघटनेचा क्रम मात्र आपल्याकडेही तोच राहिला. १९०५ मध्ये लखनौ येथे परिचर्या अधीक्षिकांची संघटना स्थापन झाली आणि तिच्या संस्थापिका रुग्णालयांत प्रशासकीय पदांवर असलेल्या युरोपीय परिचारिका होत्या. प्रशिक्षित परिचारिकांची संघटना त्यानंतर १९०८ मध्ये आली. १९१० मध्ये 'नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया' सुरू झाले, १९१२ मध्ये भारताला आंतरराष्ट्रीय परिषदेत प्रवेश मिळाला आणि १९२२ मध्ये दोन्ही संघटना एकत्र झाल्या. अधीक्षिका आधी आणि परिचारिका नंतर, हा अमेरिकेतील क्रम येथे वसाहतीच्या वर्णश्रेणीसह पुन्हा उभा राहिला.

महाराष्ट्रात याला समांतर असा एक वेगळा प्रवाह होता. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करतानाच सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनामार्फत मराठी घरांतील मुलींना व विधवांना ससून रुग्णालयातील परिचर्या प्रशिक्षणाकडे वळविले. समाजसुधारणेच्या चळवळीतून आलेल्या या वाटेचा विचार संघटनाकेंद्री इतिहासात सहसा होत नाही. वस्तुतः परिचर्येला सामाजिक मान्यता मिळविण्याचे काम येथे मेट्रनच्या कार्यालयाने केले, त्याहून अधिक अशा संस्थांनी केले असावे. मुंबई प्रांतात १९३५ मध्ये नोंदणीचा कायदा झाला. १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्या विद्यापीठीय पदवीपर्यंत पोहोचली. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९६४ मध्ये लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय सुरू झाले.

कायदे आणि पदव्या आल्या तरी मूळ पेच सुटला नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकसंख्येमागे एक. त्यांच्या कामाच्या व निवासाच्या हलाखीकडेही समितीने लक्ष वेधले होते. मॅडेलेन हीली यांनी २०१३ मध्ये 'इंडियन सिस्टर्स' या ग्रंथात भारतीय परिचर्या आणि शासन यांच्या शंभर वर्षांच्या संबंधांचा आढावा घेतला. व्यवसायाचे नेतृत्व आणि सामान्य परिचारिका यांच्यातील अंतर हा त्या विवेचनातील एक महत्त्वाचा धागा आहे. केरळमध्ये २०११ मध्ये खासगी रुग्णालयांतील परिचारिकांनी युनायटेड नर्सेस असोसिएशन ही स्वतंत्र संघटना उभारली आणि वेतनासाठी संप केले. त्याच वर्षी शतायुषी ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाने याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयानंतर नेमलेल्या समितीने लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये वेतन मिळावे, अशी शिफारस केली. मेट्रनच्या दालनात जन्मलेली संघटना अखेर श्रमाच्या मोलाचा प्रश्न घेऊन न्यायालयाच्या दारी गेली, ही घटना नटिंग-डॉक यांच्या आराखड्याबाहेरची आहे. म्हणूनच तिचे महत्त्व अधिक आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात. परिचर्येला इतिहास आहे आणि तो स्त्रियांच्या अधिकाराशी निगडित आहे, हे प्रस्थापित करणारा ग्रंथ म्हणून 'अ हिस्टरी ऑफ नर्सिंग'चे स्थान अबाधित आहे. त्यातील अंधारयुगाची संकल्पना आज टिकणारी नाही. प्रशिक्षणशाळेतील श्रमाचा प्रश्न लेखिकांना ठाऊक असूनही त्यांच्या कथनात दुय्यम राहिला. याचे कारण त्यांच्या अज्ञानात किंवा असंवेदनशीलतेत शोधणे चुकीचे ठरेल. व्यवस्थापन आणि व्यवसाय यांच्या सांध्यावर उभ्या असलेल्या अधीक्षिकेला जेवढे दिसू शकते आणि जेवढे बोलता येते, तेवढे त्यांनी लिहिले. नटिंग यांनी पुढे गोल्डमार्क अहवालाला चालना दिली. आपल्या इतिहासात जे गाभ्याशी आले नाही, ते तपासण्यासाठी त्यांनी स्वतःच दार उघडले, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे.

१९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला. परीक्षा, नोंदणी आणि शिक्षणाचा दर्जा यांची चर्चा त्यानिमित्ताने पुन्हा होईल आणि ती व्हावयासही हवी. परंतु त्याच वेळी २००५ पासून गावोगाव काम करणाऱ्या आशा कार्यकर्तीला आपण अधिकृतपणे 'स्वयंसेविका' म्हणतो, प्रशिक्षण देतो आणि वेतनाऐवजी मोबदला देतो, याचाही विचार केला पाहिजे. शिक्षण आणि सेवा या शब्दांआड श्रम झाकण्याची रीत सेंट थॉमसच्या काळाइतकीच जुनी आहे. तासिका तत्त्वावर अध्यापन करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांची स्थिती जाणणाऱ्या प्राध्यापकवर्गाला ती अपरिचित वाटू नये. परिचर्येचा इतिहास वर्गात शिकविताना दिव्याची कथा अवश्य सांगावी. त्याबरोबरच रात्रपाळीवरची विद्यार्थिनी किती तास उभी होती आणि तिला त्याचे काय मिळाले, हेही विद्यार्थ्यांना विचारावयास शिकविणे अगत्याचे आहे.